धोंड्याच्या महिन्यात मी मागितलेलं वाण

माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं होऊन गेली होती आणि तोवर सासरवाडीकडून मी काहीही घेतलेलं नव्हतं. लग्नात अंगठी नको म्हटलं, दिवाळसणाला घड्याळ नको म्हटलं. हे मोठेपणासाठी सांगत नाही. आपण न कमावलेली वस्तू घरात आली की मला ती कुठे बसवावी कळत नाही, एवढंच. मी भाईंदर पूर्वेच्या एका कारखान्यात स्टीलच्या मालाची मापं तपासतो. जे मापात बसत नाही ते बाजूला काढायचं, ही सवय घरीही लागली आहे. बायको म्हणते, "तुम्ही देवळात घंटासुद्धा मोजून वाजवता."

तिचं माहेर मराठवाड्यात. तिकडे अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात आणि त्या महिन्यात जावयाचा फार मान. त्याला बोलावून घ्यायचं, पाटावर बसवायचं, पुरण भरून उकडलेले धोंडे खाऊ घालायचे आणि तेहतीस अनारसे वाण म्हणून द्यायचे. तेहतीसच का, तर धोंडा तेहतीस महिन्यांनी फिरून येतो म्हणून. मी एकदा पंचांगं काढून बघितलं. सरासरी साडेबत्तीसच्या आसपास येते, पण अर्धा अनारसा देता येत नसेल.

दर धोंड्याला सासऱ्यांचा फोन यायचा. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणतो. "जावईबापू, धोंडा आलाय. कधी येताय?" मी सुट्टी नाही म्हणायचो. आबा एक सुस्कारा सोडायचे आणि म्हणायचे, "असा कसा हो जावई मिळाला मला. ना मागतो, ना रुसतो."

मागच्या धोंड्यात मात्र मी मागितलं. काय मागितलं आणि का, ते सांगायचं आहे.

त्या वर्षी मेहुण्याची मुलगी, म्हणजे माझी भाची, सहा वर्षांची होती. उन्हाळ्यात तिला ताप येऊ लागला आणि पाय दुखतात म्हणून ती रडू लागली. गावाजवळच्या दवाखान्यात टायफॉईडचे उपचार झाले. मग रक्त कमी आहे म्हणून बाटल्या झाल्या. मग कोणीतरी जिल्ह्याला पाठवलं आणि जिल्ह्याहून थेट मुंबईला. निदान होईपर्यंत उन्हाळा संपत आला होता. रक्ताचा कर्करोग.

आमचं घर मीरा रोडला, पेणकरपाड्याच्या बाजूला. वन बीएचके. मुलगा शिकायला बाहेरगावी असतो, त्यामुळे हॉल मोकळा होता. भाची आणि तिची आई आमच्याकडे राहायला आल्या. मेहुण्याचं तालुक्याला मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, तो येऊनजाऊन असे. त्यांचा दोन वर्षांचा धाकटा मुलगा गावीच राहिला, आजीआजोबांजवळ. खर्चाची सोय रुग्णालयातल्या समाजसेवकांनी आणि सरकारी योजनेनं लावून दिली. ते आकडे इथे मांडत नाही, कारण ही गोष्ट पैशामुळे अडली नव्हती.

रुग्णालय मुंबईतलं, मोठं. मुलांच्या विभागात एक डॉक्टर मॅडम होत्या. पहिल्या भेटीत त्यांनी सांगितलं, मुलांमधला हा प्रकार बरा होऊ शकतो, उपचार दोन वर्षांहून जास्त चालतील, सुरुवातीचे महिने कडक, नंतर बराचसा गोळ्यांवर. माझा प्रश्न ठरलेला होता.

"मॅडम, किती टक्के मुलं बरी होतात?"

"कुठल्या देशातली?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं, त्या टाळतायत. पण त्या टाळत नव्हत्या.

"सगळे कर्करोग धरून सांगते. श्रीमंत देशांत दहातली आठाहून जास्त मुलं बरी होतात. गरीब देशांत पुष्कळ ठिकाणी तीनसुद्धा होत नाहीत. आपण मधे कुठेतरी."

"आजार वेगळा असतो का?"

"आजार तोच."

"औषधं?"

"हिच्या आजाराची बरीचशी तीच. जुनी औषधं आहेत, आपल्याकडेही बनतात."

"मग ती मधली पाच मुलं जातात कुठे?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे न बघता त्या वहिनींकडे, म्हणजे पोरीच्या आईकडे, बघत बोलल्या. "काहींचा आजार कधी ओळखलाच जात नाही. काही फार उशिरा पोहोचतात. कुठे औषध नसतं, कुठे ताप आला तर जवळ दवाखाना नसतो. आणि काही मुलं घरी जातात."

"घरी?"

"बरी दिसायला लागली की आईबाप घेऊन जातात. मग आजार परत येतो. तेव्हा आमच्या हातात फार थोडं उरतं. ताई, ही तुम्हाला लवकरच बरी दिसायला लागेल. तेव्हा हिला नेऊ नका."

वहिनींनी मान हलवली. त्या दिवशी मान हलवणं सोपं होतं.

माझी धाकटी बहीण युरोपात असते. तिच्या शेजारच्या घरातल्या मुलीला हाच आजार होऊन गेला होता. मी बहिणीकरवी तिथल्या उपचारांचा तक्ता मागवला आणि आमच्या तक्त्याशेजारी ठेवून पाहिला. नावं वाचता येत नव्हती तरी अक्षरं जुळवता येत होती. क्रम थोडा वेगळा, मात्रा थोड्या वेगळ्या, पण औषधं बहुतेक तीच. मला आनंद झाला आणि लगेच रागही आला. बहीण सांगत होती, "दादा, इथे नर्स घरी येऊन रक्त घेऊन जाते. शाळेची बाई घरी येऊन शिकवते. आईला कामावरून रजा मिळाली. आणि त्यांना कोणी असं विचारलंच नाही की उपचार पुरे करणार का. करणारच, असंच सगळे धरून होते." फरक औषधाच्या कागदावर नव्हता, कागदाच्या बाहेर होता. बाहेर म्हणजे आमचा हॉल, गावात राहिलेलं दोन वर्षांचं पोर, आणि आबा.

पहिला महिना संपला तसं मॅडमनी हाडातला रस काढून तपासला. रिपोर्ट आला. आजाराच्या पेशी दिसत नाहीत. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "पहिली पायरी छान झाली." वहिनींनी मेहुण्याला फोन केला. मेहुण्याने गावात सांगितलं. गावात जे पोहोचलं ते एवढंच, की कॅन्सर गेला. संध्याकाळपर्यंत पेढे वाटून झाले होते.

आणि दोन दिवसांनी आबा आमच्या दारात उभे. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात स्टीलचा मोठा डबा. डब्यात अनारसे. त्या वर्षी श्रावण अधिक आला होता.

"जावई येत न्हाई तर सासरा आला," आबा म्हणाले. "धोंडा पण होईल आन् लेकराला पण घेऊन जातो."

भाची पळत आली. डोक्यावर केस नव्हते, पण गाल टम्म फुगलेले, पोट पुढे आलेलं. पहिल्या महिन्यातल्या एका औषधाने असं होतं, तोंड सुजतं आणि भूक वाढते. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं. आबांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी तिला उचललं, वजन हातात तोलून बघितलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"बघा, बघा, कसं बाळसं धरलंय! गावाकडनं नेली तवा काडी होती काडी. गूळ जास्त लागणार आता."

गूळ कशाला, ते मग कळलं. आबांनी गावच्या देवीला नवस बोलला होता. लेकरू उठलं की गुळाने तुला करीन, म्हणजे तराजूच्या एका पारड्यात पोर आणि दुसऱ्यात गूळ. लेकरू उठलं होतं. आता नवस फेडायला उशीर करणं म्हणजे देवीला फसवणं.

"आबा, हे गाल औषधाचे आहेत," मी म्हटलं.

"औषध लागू पडलं म्हणूनच गाल आले ना?"

"नाही, म्हणजे ही सूज आहे."

"जावईबापू, सुजलेलं माणूस आन् भरलेलं माणूस मला वळखू येत न्हाई का? रिपोर्टात काय म्हणतंय? आजार दिसत न्हाई म्हणतंय ना?"

"दिसत नाही म्हणजे यंत्राखाली दिसत नाही. अजून लाखोंनी असतील."

"जे दिसत न्हाई ते मोजलं कोणी?"

मी कारखान्याचा दाखला दिला. म्हटलं, "आबा, हजार डब्यांतले वीस मी काढून तपासतो. वीस चांगले निघाले म्हणजे हजारही चांगले, असं नसतं."

"मग ते हजार डबे तुम्ही इकता का न्हाई?"

"विकतो."

"मग?"

शेजारच्या गुजराती बेन पाट द्यायला आल्या होत्या. उद्याच्या जेवणासाठी बायकोने त्यांच्याकडून मागितला होता. त्याही ऐकत उभ्या राहिल्या. "अंकल, अभी मत लेके जाओ," त्या म्हणाल्या. "इधर हवा अच्छी है." आबांनी खिडकीबाहेर काशीगावच्या दिशेने चाललेल्या बांधकामाच्या धुळीकडे बघितलं.

आबा दुष्ट नव्हते, हट्टीही म्हणवणार नाही. नात त्यांच्या गळ्यातला ताईत होती. ते फक्त त्यांना दिसलेल्यावर विश्वास ठेवत होते. परतीची तीन तिकिटं त्यांनी काढून आणली होती, परवाची. मेहुण्याचाही होकार होता. फोनवर तो म्हणाला, "दाजी, नवस फेडून आणतो की परत." पण मॅडमचं वाक्य माझ्या कानात होतं. पुढची इंजेक्शनं त्याच आठवड्यात होती. गाव बारा-चौदा तासांवर. एकदा गेलं की धाकट्याने आईला सोडलं नसतं, शेतातली, दुकानातली कामं निघाली असती, पोर बरी दिसतच राहिली असती. आणि मग एक दिवस दिसली नसती.

संध्याकाळी स्वयंपाकघरात पुरण शिजत होतं. बायकोने मला आत बोलावलं.

"आकडे सांगू नका त्यांना. मागा."

"काय मागू?"

"आबा कोणाचं ऐकत नाहीत. माझं नाही, भावाचं नाही. पण धोंड्यात पाटावर बसलेल्या जावयाला ते नाही म्हणणार नाहीत. उद्या वाण देतील तेव्हा पोरगी मागा."

"मला हे जमायचं नाही."

"आणि नुसतं मागून भागणार नाही. रुसावं लागेल."

"रुसू?"

"माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान मोटारसायकलसाठी रुसले होते. घास हातात धरून बसले. आबांनी मोटारसायकल दिली."

"मी पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे."

"म्हणून काय झालं? रुसायला वयाचा दाखला लागतो?"

वहिनी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या राहून पुरण वाटत होत्या. आल्यापासून त्यांनी स्वतःचं मत म्हणून एक वाक्य उच्चारलं नव्हतं. गावी जावं अशी कोणाची तळमळ असेल तर ती त्यांची होती. धाकट्याचा फोन आला की त्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडायच्या. त्या मागे न वळता म्हणाल्या, "रुसा, दाजी."

मग माझ्याकडे पर्याय राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्याच हॉलमध्ये मी पाहुणा झालो. बेनचा पाट, त्याभोवती रांगोळी. मेहुणा नव्हता, सासूबाई गावी, त्यामुळे यजमान एकटे आबा. ते माझे पाय धुवायला वाकले, तेव्हा मी पाय मागे घेतला आणि बायकोने डोळे वटारले, तेव्हा परत पुढे केला. औक्षण झालं. ताटात धोंडे, वर तुपाची धार. बाजूला दुसऱ्या ताटात अनारसे, त्यावर दिवा. भाची शेजारी बसून सगळं बारकाईने बघत होती.

"घ्या, जावईबापू. सुरू करा."

मी घास उचलला, आणि परत ताटात ठेवला.

"काय झालं? मीठ कमी हाय का?"

"मी रुसलोय," मी म्हटलं.

हे वाक्य मी इतक्या सपाट आवाजात म्हटलं की बायकोला ठसका लागला. भाची माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मामा, रुसल्यावर खाली बघायचं असतं." आत्याचा नवरा तो मामा, असं त्यांच्याकडचं नातं. मी खाली बघितलं.

आबांना जो आनंद झाला तो मी विसरणार नाही. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, मांडीवर थाप मारली. "अगं ऐकलं का! सव्वीस वर्षांनी जावई रुसला माझा! बोला जावईबापू, काय हवं? चारचाकी तेवढी नका मागू, बाकी काय बी मागा."

"द्याल?"

"धोंड्यात बोललेला शब्द हाय. दिला म्हणून समजा."

"हे लेकरू द्या."

त्यांचा हात मांडीवरच राहिला.

"पुढच्या धोंड्यापर्यंत ही माझी," मी म्हटलं. मग सवयीने दुरुस्ती केली. "उपचार त्याआधी संपले तर आधीच आणून सोडीन. पण संपल्याशिवाय नाही. मधे नवसाला नाही, सणाला नाही, कशालाच नाही. हे वाण मिळालं तर जेवतो."

आबांनी माझ्याकडे बघितलं.

"हा डाव झाला, जावईबापू."

"हो."

"आन् देवीला काय सांगू मी?"

माझी तयारी तिथपर्यंत नव्हती. मी ताटाकडे बघत राहिलो, आता खरोखरच खाली. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी बाहेर आल्या. डोक्यावरचा पदर त्यांनी सारखा केला, पण आवाज मोठा होता.

"देवीला मी सांगते, आबा. लेकरू माझं हाय. माझं धाकटं तिकडं रडतंय, तरी मी सांगते. हिला पुरतं बरं केल्याबिगर मी गावाची वेस वलांडायची न्हाई."

सून सासऱ्यापुढे असं बोलते हे त्या घराला नवीन होतं. आबांनी तिच्याकडे बघितलं नाही. ते नातीकडे बघत होते, तिच्या फुगलेल्या गालांकडे. मला वाटतं, पहिल्यांदाच ते जरा संशयाने बघत होते. बोटाने तिचा गाल दाबून त्यांनी बघितला, बैलाचा खांदा बघावा तसा.

"देवी पण बाईमाणूसच हाय," शेवटी ते म्हणाले. "धोंड्यात जावई ताटावरनं उपाशी उठवला, असं तिला कळलं तर ती माझा गूळ घ्यायची न्हाई." त्यांनी भाचीचा हात धरून तिला अनारशांच्या ताटाशेजारी बसवलं, पळीने माझ्या हातावर पाणी सोडलं. "घ्या. दिलं. आता जेवा, गार व्हायलं."

"मी वाण आहे?" भाचीने विचारलं.

"हां, आता तू वाण," बायको म्हणाली.

"मग मला कोण खाणार?"

सगळ्यात मोठ्याने आबा हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मी त्या दिवशी पाच धोंडे खाल्ले, जे माझ्या प्रकृतीला बरं नाही. तीन तिकिटांतली दोन रद्द झाली. अनारसेही त्यांनी परत नेले नाहीत. "लेकरू दिलं म्हणून अनारसे सोडतो व्हय मी?" म्हणाले.

त्यानंतरच्या दोन वर्षांबद्दल लोक विचारतात तेव्हा त्यांना रडण्याच्या गोष्टी अपेक्षित असतात. त्या होत्या. पाठीच्या कण्यातल्या इंजेक्शनच्या दिवशी ती आदल्या संध्याकाळपासून बोलायची नाही. शेजारच्या खाटेवर तिच्याएवढीच एक मुलगी होती, दोघी कागदाच्या बाहुल्या करायच्या. ती एका लग्नासाठी गावी गेली आणि परत आली नाही. भाची दर वेळी तिची खाट बघून यायची आणि दर वेळी तिथे दुसरं कोणीतरी असायचं. मॅडमनी सांगितलेल्या त्या मधल्या पाचांतली ही एक. तोवर ती पाच मुलं माझ्यासाठी नुसती संख्या होती.

पण मला जास्त आठवतं ते हे की आमच्या घरात एक शिस्त आली आणि तिच्यात मजा होती. संध्याकाळी ताप बघायचा. शंभराच्या वर चार दशांश गेला की निघायचं, विचार करायचा नाही. बेन पपईच्या पानांचा रस घेऊन यायच्या, "काउंट बढ़ेगा, भाई," आणि मी मॅडमना विचारल्याशिवाय नाही म्हणायचो. त्या चिडायच्या. "आपकी मॅडम को बोलो मेरी नानी से पूछे!" युरोपात शिकवायला बाई घरी येते, तर इथे माझी बायको बसली. पोरगी आजारपणात तिच्या वर्गाच्या पुढे निघाली. केस परत आले ते कुरळे आले. गाल गेले. आबा फोनवर विचारायचे, "वाळली का गं?" आणि ती सांगायची, "वाळले नाही, आबा. उतरलं. ते औषध होतं."

एकदा तापाचा आकडा चढला. रविवारची दुपार होती. थर्मामीटर एकशे एकच्या वर. पोर खेळत होती, चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. आधीच्या आठवड्यातलं रक्त सांगत होतं की तिच्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या आहेत. अशा वेळी साधा ताप साधा नसतो. बेनच्या यजमानांनी जेवण अर्धं टाकून गाडी काढली. काशीमिऱ्याच्या नाक्यावर हायवे तुंबलेला. पोर बेनच्या मांडीवर झोपली आणि झोपेत तिचा श्वास वेगळा वाजू लागला. बेनचे यजमान खिडकीतून मुंडकं काढून ओरडत होते, "अरे बच्ची बीमार है, साइड दो!" आणि लोकांनी दिली. रिक्षावाल्यांनी दिली, एका टँकरवाल्याने तर फुटपाथवर चाक चढवलं. पोहोचलो तेव्हा तिचा रक्तदाब खाली आलेला. अँटिबायोटिक लगेच सुरू झालं. मॅडम नंतर म्हणाल्या, "गावी असती तर?" आठवडाभराने ती कॉटवर उभी राहून उड्या मारत होती आणि सिस्टर रागवत होत्या. तशी रागावणारी सिस्टर मला इतकी आवडली की मी त्यांना चहा पाजला.

आणि मध्यंतरी एकदा मेहुणा डळमळला. पोरीचे केस आले होते, तब्येत ठणठणीत, नुसत्या गोळ्या उरल्या होत्या. धाकटा आता बोलू लागला होता आणि आईला फोनवर "ताई" म्हणू लागला होता. मेहुणा मला म्हणाला, "दाजी, गोळ्याच तर हायेत. गावाकडं देऊ की आम्ही. महिन्याला एकदा आणू." त्याचं दुखणं खरं होतं. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात पलीकडून फोन हिसकावल्याचा आवाज आला.

"तू कोण रे नेणारा?" आबा त्याला म्हणत होते. "वाण दिलंय मी. दिलेलं वाण परत मागतात का कुठं? लाज न्हाई वाटत? बायकू पायजे तर तू जा तिकडं. धाकट्याला घेऊन जा. ह्या जावयाचं घर लहान हाय, पण माणूस बरा हाय." मग माझ्याशी, "जावईबापू, ह्याच्याकडं ध्यान देऊ नका."

तसा तो आला. धाकटा आला, मेहुणा दर पंधरवड्याला येऊ लागला, आणि वन बीएचकेत आम्ही पाच-सहा जण राहिलो. रविवारी सगळे जेसल पार्कला खाडीकाठी जायचो. धाकटा पळायचा आणि भाची त्याच्या मागे पळायची.

गेल्या हिवाळ्यात औषधं थांबली. मॅडमनी सगळे रिपोर्ट बघितले, फाईल मिटली आणि म्हणाल्या, "आजपासून काही घ्यायचं नाही. तपासायला यायचं. सुरुवातीला वरचेवर, मग लांबवत नेऊ." वहिनींनी विचारलं, "आता नेऊ?" मॅडम म्हणाल्या, "आता न्या." मी मॅडमना पुन्हा टक्के विचारले नाहीत. माझं मलाच नवल वाटलं.

शब्द दिल्याप्रमाणे मी स्वतः तिला गावी नेऊन सोडलं, पुढचा धोंडा यायच्या बराच आधी. देवीचा गूळ तोलून झाला, गावाने खाल्ला, आबांनी मला पारड्याचा काटा तपासायला लावला. काटा बरोबर होता.

आता ती गावच्या शाळेत तिसरीत आहे. मागच्या आठवड्यात कारखान्यात असताना तिचा व्हिडिओ कॉल आला. दुपारची वेळ, मशीनचा आवाज, मी बाहेर गेटपाशी आलो. अवेळी तिचा फोन आला की मला अजूनही आधी तापच आठवतो. पडद्यावर गुडघा होता, मोठा करून दाखवलेला. सोललेला, माती लागलेला.

"मामा, मी पडले! खोखोत!"

"फार लागलं?"

"रक्त आलं. खूप आलं. सगळ्या पोरी बघायला आल्या." मग तिने फोन चेहऱ्यासमोर धरला. डोळे चमकत होते. "आणि मामा, आपोआप थांबलं! कोणी काहीच केलं नाही. मी नुसती बसले, आणि थांबलं!"

पेशी खाली असण्याच्या दिवसांत एवढं खरचटलं असतं तर आम्ही टॅक्सी केली असती. मागे वहिनींचा आवाज येत होता, "अगं, हळद लावू दे आधी, मग दाखव जगाला." ती ऐकत नव्हती. तिला मला अजून जवळून दाखवायचं होतं.

"मग खेळ सोडलास?" मी विचारलं.

"नाही ना!" ती म्हणाली. "परत उठून पळाले. आणि जिच्या मागे पळत होते, तिला शिवलं."